सिंह राशीचे डोळे

भैरवनाथाच्या नव्या सभामंडपात बारा राशी रंगवायचं काम भागुजी पेंटरला मिळालं, तेव्हा त्याच्या घरात कुणालाच आनंद झाला नाही.

"आपल्या घरात कुणाची कुंडली न्हाई. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून जेवतो आपण," त्याची बायको पारूबाई म्हणाली, "आणि तुमी देवळात जाऊन राशी काढणार?"

"चित्र काढायला चाललोय. पूजा करायला न्हाई."

मुलगा राकेश मंचरला एसटी स्टँडच्या मागं फ्लेक्स छापायचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, "दादा, बारा राशी मी दोन तासांत छापून देतो त्यांना. तुमी कशाला या वयात परांचीवर चढता?"

"म्हणूनच चढतो," भागुजी म्हणाला.

चाळीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शाळांच्या भिंती रंगवल्या होत्या. फ्लेक्स आला आणि ते काम संपलं. फ्लेक्स छापणारा शेवटी आपलाच मुलगा निघाला, याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. पण रस्त्यात कुणी 'काय पेंटर' अशी हाक मारली की तो अजून थांबायचा, काम असेल म्हणून वाट बघायचा, आणि हाक मारणारा पुढं निघून गेलेला असायचा.

या वेळी मात्र हौशीराम स्वतः त्याच्या दारात आला होता. महाळुंगे पडवळपासून चार किलोमीटरवर, ओढ्याकाठच्या वाडीत हौशीरामची बागायत होती आणि देवळाच्या कमिटीचा तो अध्यक्ष होता. साठी उलटली तरी ताठ चालणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. अंगणात उभ्याउभ्याच तो म्हणाला, "भागुजी, मला छापील नको. हातानं काढलेलं पायजे. माझी रास सिंह हाय. दारातनं आत आलं की समोर सिंह दिसला पायजे." आणि मंचरच्या एका ज्योतिषाकडून लिहून आणलेला कागद त्यानं पुढं केला. त्यावर प्रत्येक राशीचे गुण होते.

भागुजीनं तो कागद रात्री दोनदा वाचला. मेष म्हणजे पुढं घुसणारा. वृषभ म्हणजे सोशीक. कर्क म्हणजे घर धरून राहणारा. वृश्चिक म्हणजे मनात ठेवणारा. त्याचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. त्याला स्वतःची रासही ठाऊक नव्हती. आई एवढंच सांगायची की घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी झालास. पण माणसं अशी असतात, जनावरं अशी असतात, हे त्याला ठाऊक होतं. 'सोशीक' हे कोणत्या रंगानं काढायचं, हा प्रश्न त्याला पडला आणि कित्येक वर्षांनी त्याला झोप लागेना.

मग तो बघत हिंडू लागला. वाडीतल्या कुंडलिकच्या गोठ्यात बैलाच्या मानेवर जू घासून घट्टा पडला होता. तो घट्टा त्यानं वृषभाच्या मानेवर काळाभोर रंगवला, आणि चित्रातला बैल उभ्याउभ्या दमलेला दिसू लागला. ओढ्यातला दगड उलटला तर खाली खेकडी होती, पोटाशी बारीक पिल्लं धरलेली. तिनं नांग्या उगारल्या, पण पळाली नाही. ती कर्क झाली. मंचरच्या बाजार समितीत गोरख नावाचा म्हातारा मापाडी होता. वजनाचा काटा आता इलेक्ट्रॉनिक झाला तरी आकडा थांबेपर्यंत तो जुन्या सवयीनं श्वास धरायचा. भागुजीनं तूळ काढताना तराजूपेक्षा धरणारा हात मोठा काढला. कुंभ राशीची बाई काढताना तिची कंबर त्यानं एका बाजूला किंचित कलती काढली. पारूबाई आयुष्यभर हंडे वाहून तशीच कलली होती.

कमिटीतले लोक येऊन बघायचे. "लई जिवंत काढतो राव," म्हणायचे. चहा आला की सगळ्यांना कपात आणि भागुजीला कागदी पेल्यात मिळायचा. त्याला त्याची सवय होती. पण हौशीरामची सून हर्षाली दुपारी घरून वेगळा चहा पाठवायची, तो घरातल्या स्टीलच्या पेल्यात असायचा. घेऊन यायची तिची सात वर्षांची मुलगी श्रेया. हौशीरामचं घर देवळामागंच होतं, मधे फक्त एक उसाचं वावर.

दसऱ्यापर्यंत अकरा राशी झाल्या. सिंह राहिला.

कागदावर सिंहाचे गुण सगळ्यांत जास्त लिहिले होते. राजबिंडा, उदार, आश्रितांना सांभाळणारा, नजर खाली न घालणारा. भागुजीनं सिंह कधी पाहिला नव्हता. कॅलेंडरवरचा सिंह त्याला दाढी राखलेल्या म्हाताऱ्यासारखा वाटायचा. दोनदा त्यानं कोळशानं काढून पुसून टाकला.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात, उसात लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या अडकला. राकेशच्या मोटरसायकलवर बसून भागुजी बघायला गेला. शे-दोनशे माणसं जमली होती. कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं, कुणी पिंजऱ्यावर काठी आपटत होतं. गजांवर धडका मारून बिबट्याच्या कपाळाची कातडी सोलली होती आणि रक्त नाकापर्यंत ओघळून वाळलं होतं. एवढा गोंधळ चालला होता, पण त्यानं एकदाही कुणाकडं पाहिलं नाही. माणसांच्या पायांच्या फटीतून तो पलीकडच्या उसाकडं बघत होता. मग एकदाच त्याची नजर भागुजीवर येऊन थांबली. भागुजीला वाटलं, आपण माणूस आहोत हे याच्या लेखी काहीच नाही. किती लांब आहे, केवढं आहे, एवढंच हा बघतोय.

वनखात्याची गाडी येऊन त्याला माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात घेऊन जाईपर्यंत भागुजी वहीत पेन्सिल चालवत राहिला.

सिंहाची आयाळ, छाती, उचललेला पंजा, सगळं त्यानं हौशीरामला आवडेल असंच केलं. डोळे मात्र पिंजऱ्यातले भरले. पिवळ्यात थोडा हिरवा, मधे काळा ठिपका, आणि वरची पापणी किंचित खाली ओढलेली. शेवटचा ब्रश उचलून तो परांचीवरून उतरला आणि दारापर्यंत गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण चित्राकडं पाठ न करता उलटं चालत आलो.

हौशीराम आला, मंडपाच्या चारी कोपऱ्यांत जाऊन त्यानं सिंहाकडं पाहिलं. मग म्हणाला, "भागुजी, ह्यो खरा. कुठंबी उभं ऱ्हा, बघतोच आपल्याकडं. कुठं बघितलास रे सिंह?"

"मनात व्हता," भागुजी म्हणाला.

खरं सांगायला हरकत नव्हती. पण त्या क्षणी त्याला ते कौतुक पुरतं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी श्रेया चहा घेऊन आली, तिनं वर पाहिलं आणि ती दोन पावलं मागं सरली. "आजोबा, हा सिंह न्हाईये. बिबट्याय."

"कशावरनं?"

"पप्पांच्या मोबाईलवर आला व्हता ना पिंजऱ्यातला. तस्साच बघतोय."

भागुजी हसला. "कुणाला सांगू नकोस."

कलशारोहण नऊ दिवसांवर आलं होतं. डोळे भरल्यावर पाचव्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, श्रेया घराच्या मागच्या ओट्यावर बसून अभ्यास करत होती. हर्षाली चार पावलांवर गोठ्याच्या भिंतीला टेकून आईशी फोनवर बोलत होती. उसातून बिबट्या आला. हर्षालीनं त्याला पाहिलं, तेव्हा तो ओट्यावर होता. तिनं हातातला फोन त्याच्यावर फेकला. तो तिच्याकडं बघून वळला आणि पोरीला घेऊन उसात शिरला.

भागुजी तेव्हा देवळात ब्रश धूत होता. आरोळी ऐकून तो बाकीच्यांबरोबर धावला. चाळीस-पन्नास माणसं काठ्या, कोयते, बॅटऱ्या घेऊन उसात एका रांगेत शिरली. पाचटात पाय रुतत होते आणि पात्यांनी तोंडं कापत होती. कुणी बोलत नव्हतं, सगळे डबे वाजवत होते. भागुजीच्या डाव्या हाताला हौशीराम होता. वीस-बावीस सऱ्या ओलांडल्यावर हौशीराम थांबला, खाली वाकला आणि त्यानं अंगातला सदरा काढला. सदऱ्यात गुंडाळून नातीला त्यानं स्वतःच बाहेर आणलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी मंचरजवळ हायवे अडवला. अधिकारी आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाडीभोवती सहा पिंजरे लागले. कलशारोहण पुढं ढकललं.

दहावं होईपर्यंत लोक वनखात्याला आणि बिबट्याला शिव्या देत होते. दहाव्यानंतर ते हर्षालीकडं वळले. सुरुवात घरातूनच झाली. तिची सासू साळुबाई येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, "फोनवर व्हती. पोरगी समोरनं गेली आन् ही फोनवर व्हती." नवरा आदेश तिच्याशी बोलायचा बंद झाला. तिनं वाढलेलं ताट तो सरकवून द्यायचा. पाणवठ्यावर बाया तिला वाट करून द्यायच्या आणि ती गेली की बोलायच्या.

मग एका दुपारी धोंडाबाई नावाची म्हातारी देवळात बसली असताना म्हणाली, "डोळं उघडलं आन् पाचव्या दिवशी पोर गेली." एवढंच म्हणाली. पण ते वाडीभर झालं. कमिटीतल्या सावळेरामनं पिंजऱ्यातल्या बिबट्याचा जुना फोटो शोधला, देवळातल्या सिंहाचा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी लावून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. डोळे तेच होते. लहान पोरालाही कळलं असतं. खाली एकानं लिहिलं, 'यानं बिबट्या देवळात आणून बसवला.' दुसऱ्यानं लिहिलं, 'ज्याची श्रद्धाच नाही त्याच्याकडून राशी काढून घेतल्या, अजून काय होणार?'

तो फोटो राकेशच्या मोबाईलवर आला. तो दुकान बंद करून तडक घरी आला.

"दादा, हे खरंय? बिबट्याचे डोळे काढले तुमी?"

"व्हय. सिंह मी बघितला न्हवता."

"मग काय झालं? चित्रच हाय ते! चित्र काय पोर नेतं का?" राकेश अंगणात येरझाऱ्या घालत होता. "उद्या कुणी काय बोललं ना, तर मी पोलिसात जातो. कायदा हाय याच्यावर. आपल्या जातीवर बोलले तर त्यालाबी कायदा हाय."

"घाई करू नको," भागुजी म्हणाला.

"मी तवाच सांगत व्हते," पारूबाई आतून म्हणाली.

दोन दिवसांनी कमिटीचा निरोप आला. रविवारी सकाळी सभामंडपात या. सगळ्यांसमोर डोळे खरवडून काढा, देवासमोर नाक घासा आणि चूक झाली म्हणून सांगा. राकेशनं निरोप आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं.

शनिवारी दुपारी घरात भागुजी एकटाच होता. पारूबाई कांद्याच्या लागणीला गेली होती. दारात सावली पडली. डोक्यावर ओढणी, हातात विळा. चाऱ्याला जाते म्हणून सांगून हर्षाली चार किलोमीटर चालत आली होती. महिन्याभरात ती अर्धी झाली होती.

भागुजी उठला. "ये पोरी. बस."

ती उंबऱ्याच्या आत येऊन खालीच बसली. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. ती घटाघटा प्यायली.

"बाबा, मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "श्रेयानं मला सांगितलं व्हतं. आजोबांनी बिबट्या काढलाय म्हणून. लई आधीच. मी कुणाला बोलले न्हाई."

भागुजीनं रिकामा तांब्या बाजूला ठेवला.

"चित्रानं काय झालं न्हाई, मला ठावंय. मी शिकलेली हाय, बारावी झालीये. मी त्याला बघितलाय बाबा. तो उसातनं आला. भूक लागली व्हती म्हणून आला." तिचा आवाज कापत नव्हता. ती घोकून आल्यासारखी बोलत होती. "पण उद्या तुमी कबूल करा."

"काय कबूल करू?"

"तुमच्यामुळं झालं म्हणून."

बाहेर कोंबड्या उकरत होत्या.

"घरात माझ्या हातचं पाणी कुणी घेत न्हाई. हे रात्री दुसऱ्या खोलीत झोपतात. परवा सासूबाईंनी माहेरी फोन केला, घेऊन जा म्हणल्या. बाप न्हाई मला. भाऊ म्हणाला, चार दिवस ये. चार दिवस! त्याच्याफुडं मी कुठं जाऊ?" तिनं विळा जमिनीवर ठेवला. "बाबा, तो फोटो आला त्या दिवशी पयल्यांदा सासूबाई माझ्यावर वरडल्या न्हाईत. पयल्यांदा. पेंटरनं केलं म्हणत व्हत्या. हेबी जेवले. मी वाढलेलं जेवले."

"पोरी, मी खोटं कसं..."

"तुमाला काय व्हणार हाय? दोन दिस बोलतील. तुमाला तुमचं घर हाय, वस्ती हाय, राकेशभाऊ हायेत. मला कोण हाय?" आता मात्र तिचा आवाज फाटला. "मी फोनवर व्हते, बाबा. मी फोनवरच व्हते. आईला सांगत व्हते की कलशाला ये."

बराच वेळ ती रडली. भागुजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि परत घेतला. शेवटी तिनं तोंड पुसलं. "कुणाला सांगू नका मी आले व्हते. घरातबी न्हाई."

"न्हाई सांगत," भागुजी म्हणाला.

ती उठून गेली.

रविवारी राकेशनं दोन मित्र आणि एक वकील बोलावून ठेवला होता. सकाळी उठून बघतो तर बाप घरात नाही. भागुजी पुट्टीची लोखंडी पट्टी आणि पांढऱ्या प्रायमरचा डबा घेऊन पहाटेच चालत निघाला होता.

सभामंडप गच्च भरला होता. बाया एका बाजूला बसल्या होत्या. त्यांत साळुबाई होती आणि तिच्या मागं, भिंतीशी, हर्षाली. भागुजीनं कुणाकडं पाहिलं नाही. तो समोर उभा राहिला. त्यानं हात जोडले नाहीत, पण आवाज चढवला, मागपर्यंत जावा म्हणून.

"पिंजऱ्यातल्या बिबट्याचे डोळे मी काढले. हौशीरामभाऊनं इचारलं, तवा मी खोटं बोललो. माझी चूक हाय. जे झालं ते माझ्यामुळं झालं. दुसऱ्या कुणाचा दोष न्हाई. पोरीच्या आईचा तर न्हाईच."

बायांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. सावळेराम म्हणाला, "नाक घास."

हौशीराम खांबाला टेकून बसला होता. महिन्याभरात तो खूप म्हातारा दिसायला लागला होता. तो म्हणाला, "नाक घासायचं ऱ्हाऊ द्या. डोळे काढ, भागुजी. मला तिथं बघवत न्हाई."

पण सावळेराम आणि आणखी चार-पाचजण उठले, आणि हौशीराम पुन्हा बोलला नाही. भागुजी गुडघ्यावर बसला. फरशी थंड होती. त्यानं नाक टेकवलं आणि इकडून तिकडं, तिकडून इकडं घासलं. कुणीतरी मोबाईल धरला होता. मग तो परांचीवर चढला. अॅक्रिलिक चांगलं धरलं होतं, सहज निघेना. पट्टीनं तो खरवडत राहिला. पिवळ्या पापुद्र्यांची भुकटी त्याच्या मिशीवर पडत होती. दोन्ही डोळे निघाले, खालची पुट्टी दिसू लागली, तेव्हा त्यानं त्यावर प्रायमरचे दोन हात मारले.

तो उतरत असतानाच राकेश दारात आला. मागं त्याचे मित्र होते. वर पाहून तो तिथंच थांबला. नंतर बापाच्या नाकावरचं सोललेलं कातडं त्याला दिसलं.

परतीच्या रस्त्यात, मोटरसायकल ढकलत चालता चालता, राकेश म्हणाला, "कुणी धमकी दिली का तुमाला? मारतो म्हणाले का? मला सांगा दादा, अजूनबी केस व्हती."

"न्हाई. कुणी काय म्हणालं न्हाई."

"मग का?"

भागुजी चालत राहिला.

"तुमी आज आपल्या आख्ख्या वस्तीचं नाक घासलंत," राकेश म्हणाला. "आता मला कुणी सांगितलं की देवाचा कोप झाला, तर मी काय म्हणू? माझ्या बापानं कबूल केलंय म्हणू?"

भागुजीला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण एका वाक्यानं ती पोरगी पुन्हा तिथंच गेली असती, आणि राकेशला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं.

तो नाक घासतानाचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. बुद्धविहारात बैठक झाली. वडीलधाऱ्यांनी समजुतीनं विचारलं, तरुणांनी रागानं. भागुजीनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "माझी चूक झाली व्हती." त्यानंतर त्याला विहाराच्या भिंतीवरचं रंगकाम, जे दर वर्षी जयंतीला तो फुकट करायचा, करू नका म्हणून सांगण्यात आलं. राकेश बायकोला, स्वप्नाला, घेऊन मंचरला दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. आईला फोन करायचा, बाप जवळ असला की ठेवून द्यायचा. पारूबाईनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला अबोला धरला, तो तीन महिने टिकला. नंतर ती बोलू लागली, पण जेवण, औषध, बाजार, एवढ्यापुरतंच. भागुजीनं ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून पेटीत ठेवले आणि कांद्याच्या वखारीवर राखणीचं काम धरलं.

पिंजऱ्यांत त्या महिन्यात दोन बिबटे सापडले. श्रेयाला नेणारा त्यांतला कोणता, की कोणताच नाही, हे कुणाला सांगता आलं नाही. उन्हाळ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्या वस्तीवर बिबट्यानं एक म्हातारी नेली. तिथं देऊळ नव्हतं, चित्र नव्हतं. वाडीतून भागुजीकडं कुणी आलं नाही. कुणी यावं अशी अपेक्षाही त्यानं केली नव्हती.

एक गोष्ट मात्र त्याच्या कानावर यायची. वखारीवर येणारा कुंडलिक सांगायचा, "हौशीरामचं घर जरा सावरलं बरं का. सून नांदतीये. आदेश तिला घेऊन भीमाशंकरला जाऊन आला." भागुजी ते ऐकून घ्यायचा आणि त्या दिवशी त्याला जेवण जरा जास्त जायचं. आपण केलं ते वाया गेलं नाही, एवढं त्याच्याजवळ होतं. ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ते कुणाला हिरावून घेता येत नव्हतं.

दीड वर्षानं, फाल्गुनात, तो डोळ्यांच्या तपासणीला मंचरला गेला. परत येताना स्टँडवर महाळुंग्याच्या गाडीची वाट बघत उभा होता. बाकड्यावर हर्षाली बसली होती. अंगानं भरली होती, कपाळाला मोठी टिकली होती, मांडीवर तीन-चार महिन्यांचं मूल होतं. भागुजीचा जीव सुपाएवढा झाला. तिनं बोलावं अशी त्याची इच्छा नव्हती, फक्त एकदा जवळून बघावं असं त्याला वाटलं. तो जाऊन समोर उभा राहिला.

"बरी हाईस का पोरी?"

तिनं वर पाहिलं. आधी ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि तिनं झटक्यात पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं.

"त्याच्याकडं बघू नका."

भागुजीला वाटलं, साळुबाई जवळपास असेल, किंवा आदेश. त्यानं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. शेजारच्या बाकावर एक परका माणूस झोपला होता.

"अगं मी... मी काय म्हणणार न्हाई. नुसतं बरं वाटलं म्हणून..."

"जा म्हणते ना!" ती उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत त्यानं नाटक शोधलं, ओळख शोधली, त्या दुपारची एखादी खूण शोधली. तिथं नुसती भीती होती, आणि त्या भीतीखाली राग. "एक पोर खाल्लीत माझी. तुमी ते डोळे उघडले नसते तर माझी श्रेया आज असती. आता आठ वर्षांची असती." ती रडू लागली. "मी फोनवर नव्हतेच. मी तिथंच व्हते, तिच्याजवळ. सगळ्यांना ठावंय. मी तिथंच व्हते."

बाळ जागं होऊन ओरडायला लागलं. झोपलेल्या माणसानं डोळे उघडून दोघांकडं पाहिलं.

भागुजीच्या तोंडात एक वाक्य आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"व्हय बाई," तो म्हणाला. "माझ्यामुळंच झालं."

तो मागं सरला आणि रसवंतीच्या टपरीआड जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं महाळुंग्याची गाडी लागली. हर्षाली बाळाला छातीशी घट्ट धरून चढली आणि खिडकीची काच तिनं ओढून घेतली. भागुजीलाही त्याच गाडीनं जायचं होतं. ती त्यानं जाऊ दिली. पुढची दीड तासानं होती.